तो रजेवर आला, आम्हाला कुणी कळवलंच नाही

प्रश्न : बांधाच्या वादातून माझ्या धाकट्या भावाचा खून झाला. आरोपी गावातलाच, त्याला जन्मठेप लागली आहे. गेल्या महिन्यात आठवडी बाजारात तो अचानक आईसमोर आला. फर्लोवर सुटला होता म्हणे. तेव्हापासून आई घराबाहेर पडत नाही, रात्री उठून कडी तपासत बसते. ठाण्यात गेलो तर ‘कायद्यानं सुटलाय, आम्ही काय करणार?’ असं ऐकवलं. आता तो परत आत गेलाय. भावकीतले म्हणतात, मिटवून टाका. काय करावं?
— एक भगिनी

उत्तर : ताई, पोटच्या पोराला मारणारा माणूस भाजीच्या पाट्यांपलीकडे उभा दिसला तर कुणाच्याही पायातलं बळ जाईल. आईंना ‘विसरा आता’ म्हणणाऱ्यांना आधी थांबवा. खुनाचा गुन्हा भावकीच्या बैठकीत मिटत नसतो.

फर्लो म्हणजे संचित रजा. कैद्याचं घराशी नातं तुटू नये म्हणून ती देतात, आणि ती असावी असंच मी वकील म्हणून मानते. पण ज्यांच्या घरातला माणूस गेला त्यांना त्याच्या येण्याची खबर बाजारात लागावी, हे मला अजिबात मान्य नाही.

‘आम्ही काय करणार’ हे उत्तरही खरं नाही. महाराष्ट्राच्या १९५९च्या फर्लो-पॅरोल नियमांनुसार सुटकेआधी स्थानिक पोलिसांचा अहवाल मागवला जातो. सार्वजनिक शांततेच्या कारणावरून पोलिसांनी प्रतिकूल शिफारस केली, तर फर्लो नाकारता येते. तुमचं म्हणणं त्या अहवालात यायला हवं. रजा पुन्हा मिळू शकते, म्हणून तो आत आहे तोवरच अर्ज द्या. गुन्हा क्रमांक, खटल्याचा क्रमांक, बाजारातल्या प्रसंगाची तारीख, तो काय बोलला, सोबत कोण होतं, सगळं लिहा. पुढच्या चौकशीत आमचे जबाब घ्यावेत आणि सुटकेची तारीख आधी कळवावी, ही मागणी स्पष्ट शब्दांत करा. एक प्रत ठाण्यात, दुसरी उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांकडे, तिसरी कारागृह अधीक्षकांना स्पीड पोस्टानं. पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका. साहेबांची बदली झाली की तोंडी सांगितलेलं कुणाला आठवत नाही.

त्यानं किंवा त्याच्या घरच्यांनी धमकावलं, तर ११२ला फोन करा, तक्रार द्या आणि प्रतिबंधक कारवाई, म्हणजे आपण ‘चॅप्टर केस’ म्हणतो ती, लेखी मागा.

खटला अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखालीही चालला असेल, तर कलम १५अ नीट वाचून घ्या. जामीन, सुटका, पॅरोल या प्रत्येक वेळी पीडिताचं म्हणणं ऐकलं जाण्याचा हक्क त्यात आहे. इतक्या स्वच्छ शब्दांतला हक्क प्रत्येक पीडित कुटुंबाला मिळायलाच हवा. मुदतपूर्व सुटकेलाही आव्हान देता येतं. २००२च्या गुजरात दंगलीतल्या बिल्किस बानो सामूहिक बलात्कार आणि खून प्रकरणातले ११ दोषी ऑगस्ट २०२२मध्ये सुटले, बिल्किस स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि जानेवारी २०२४मध्ये ती सुटका रद्द झाली.

आईंच्या झोपेकडे दुर्लक्ष करू नका. टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर मराठीतून समुपदेशकाशी बोलता येतं, फोन तुम्ही लावून द्या. अर्जासाठी तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे जा. उत्पन्न कितीही असलं तरी स्त्रियांना तिथं वकील मोफत मिळतो. अर्ज आईंच्या नावानं करा.