सा तीन ठिकाणी

सोलापूर, मे अखेर

प्रिय पोरी,

तू पाठवलेलं रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. शेवटच्या वेळी कानात हेडफोन घालून, कारण तुमच्या घरामागचे माग तुझ्या डाव्या हातापेक्षा मोठ्याने वाजत होते. सॅक्सोफोनवाल्या जॉन कोल्ट्रेनची 'जायंट स्टेप्स' ही जॅझ रचना स्वतःहून वाजवायला घेतलीस याचं कौतुक वाटलं, आणि थोडी धास्तीही वाटली. कारण या रचनेने मला एकदा चारचौघांत उघडं पाडलंय.

तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. पुण्यात एका घरगुती मैफलीत कुणीतरी ही रचना काढली, आणि मी मान डोलावली. घरी दोन महिने प्रत्येक कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या प्रत्येक जुडग्यावर, 'सारेगप, सारेगप' घोटलेलं होतं. पहिली फेरी निभावली. दुसऱ्या फेरीत एक बोट घसरलं आणि आपण कुठे आहोत तेच कळेना. बासवाला भुवया उडवून खुणा करत होता, मला त्या खुणाही वाचता आल्या नाहीत. फेरी संपेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसलो. सूर सगळे पाठ होते, गाव मात्र एकही ओळखीचं नव्हतं. तुझं रेकॉर्डिंग ऐकताना मला तो मांडीवरचा हात आठवला.

रागावू नकोस. तुझे सूर बरोबर आहेत. पण पाढे म्हटल्यासारखे बरोबर आहेत.

या रचनेची गोम तुला माहीत आहे, तरी आपल्या पेटीच्या भाषेत पुन्हा सांगतो. चार-चार मात्रांचे १६ बार, २६ कॉर्ड, आणि सा तीन ठिकाणी: पांढरी सात, पांढरी पाच, काळी दोन. काळ्या-पांढऱ्या मिळून मध्ये तीन पट्ट्या सोडून चौथीवर उतरायचं, असं तीनदा केलं की खालच्या सप्तकातली पांढरी सात. आपल्या गाण्यात तानपुरा एकदा लागला की सा तिथेच राहतो, सगळी गंमत त्याच्याभोवती. इथे सा स्वतःच उठून चालायला लागतो.

आता मला फार उशिरा दिसलेली एक गोष्ट. १६ बार म्हणजे ६४ मात्रा, म्हणजे तीनतालाची चार आवर्तनं. प्रत्येक आवर्तनाच्या समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, काय येतं ते बघ. पहिल्या समेवर पांढरी सात, दुसऱ्या समेवर पांढरी पाच, तिसऱ्यावर काळी दोन, चौथ्यावर पुन्हा पांढरी सात. आणि प्रत्येक आवर्तनाच्या शेवटच्या चार मात्रा पुढच्या समेची तयारी करतात. एवढं हाताला लागलं तर मध्ये दहा ठिकाणी चुकलीस तरी पुढची सम तुला उचलून घेईल. त्या दिवशी मला कुणी एवढंच सांगितलं असतं तर हात मांडीवर गेला नसता.

म्हणून आधी कॅसिओ बंद ठेव आणि गा. पांढरी सात घेऊन 'सा' म्हण. तोच सूर न हलवता त्याला 'ग' म्हण. मग ग रे सा असं उतर: पांढरी पाचवर आलीस, तो नवा सा. त्यालाही पुन्हा 'ग' म्हण आणि उतर, काळी दोन. नाव बदलतं, सूर तोच राहतो. तुला हे जड जाऊ नये. तू आजीशी तेलुगूत बोलत असतेस, मध्येच दारातल्या भाजीवालीला कानडीत भाव विचारतेस, आणि मला फोनवर मराठीत 'थांबा सर' म्हणतेस, तेही एका दमात. भाषा बदलली हे आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात कुणी जाहीर करतं का? सा असाच बदलायचा.

(गाताना मधूनमधून कॅसिओवर सूर ताडून बघ. तानपुऱ्याला जुळणारा गंधार पेटीच्या गंधारापेक्षा किंचित उतरता असतो. असे तीन गंधार एकावर एक रचले तर सप्तक भरत नाही, अर्ध्या स्वराच्या साधारण ४० टक्के इतकी फट राहते. म्हणजे गळा फार खरा असेल तर या रचनेत घरी परतताच येत नाही! मला हे कळलं तेव्हा मी बराच वेळ हसत होतो.)

गाऊन झालं की वाजवायला बस. डाव्या हाताने कॉर्ड, उजव्या हाताला एकच सूर. पहिल्या कॉर्डवर काळी दोन दाब. तो तिथला गंधार. दुसरी कॉर्ड आली की अर्धा स्वर उतरून पांढरी दोनवर ये, आणि आता बोट उचलू नकोस. दुसऱ्या कॉर्डचा तो मूळ स्वर आहे. तिसरी आली की तोच पंचम होतो, चौथीवर गंधार, पाचवीवर शुद्ध निषाद. चार कॉर्ड खालून सरकतात आणि बोट जागचं हलत नाही, फक्त सुराचा रंग बदलत जातो. हे सावकाश कर, ६० च्या लयीत, म्हणजे मिनिटाला ६० मात्रा, एक फेरी ६४ सेकंदांची. मूळ रेकॉर्डिंगची लय २९० च्या आसपास आहे, तिथे तीच फेरी जेमतेम १३ सेकंदांत संपते. तू २२० ला वाजवतेस. तिथे तुला रंग ऐकू येत नाही, येणारही नाही.

दुसऱ्या आवर्तनात असाच एक न हलणारा सूर लपलाय. तो कुठला, ते मी सांगणार नाही.

त्या एका सुराच्या आजूबाजूचे दोन सूर घे आणि तिघांतच काहीतरी बोल. गप्पही राहा. तू प्रत्येक वाक्य कॉर्डसोबत सुरू करतेस आणि कॉर्डसोबत संपवतेस, त्यामुळे सगळं तुकड्यातुकड्यांनी ऐकू येतं. सम सुरू करायला वापरू नकोस, पोचायला वापर. आवर्तनाच्या शेवटच्या चार मात्रांत निघ, समेवर पोच आणि तिथे थांब. चार मात्रा काहीच वाजवलं नाहीस तरी चालेल.

सुरुवात तिसऱ्या आवर्तनापासून कर. पहिल्या दोनांत कॉर्ड दोन-दोन मात्रांवर धावतात. तिसऱ्या-चौथ्यात एक बार विसावा, एक बार तयारी, अशी चाल आहे. आणि चूक झाली की पहिल्या बारला पळत जाणं सोड. रेकॉर्डिंगमध्ये तू सात वेळा पळालीस. म्हणून तुझे पहिले चार बार गुळगुळीत आणि नववा बार परका. माझे वडील मागावर होते. धागा तुटला की माग थांबवून तिथेच गाठ मारायचे, चादर पहिल्यापासून विणायला घेत नसत. तुझ्या घरात हे मी कुणाला सांगतोय म्हणा.

जाता जाता एक. ५ मे १९५९ ला कोल्ट्रेनने हे रेकॉर्ड केलं तेव्हा पियानोवर टॉमी फ्लॅनगन होता, मोठा वादक. कोल्ट्रेनने ही वाट घरी घोटून घोटून मळलेली होती, फ्लॅनगनने नव्हती. त्याचा सोलो ऐक. नीट सुरू होतो, मग अडखळतो, शेवटी नुसत्या कॉर्ड उरतात. ते तसंच छापलं गेलं आणि जगाने ऐकलं. १९८२ मध्ये फ्लॅनगनने कोल्ट्रेनच्या स्मरणार्थ अख्खा अल्बम केला, त्यात हीच रचना पुन्हा वाजवली. दोन्ही सोलो लागोपाठ ऐक. मला पहिला जास्त आवडतो, का ते समोर बसून सांगेन.

रविवारी सकाळी आठच्या आत ये, नंतर माझ्या खोलीत पत्रा तापतो. फक्त तिसरं आवर्तन आणायचं, ६० च्या लयीत, आधी गाऊन. दुसऱ्या आवर्तनातला तो सूर कागदावर लिहून आण आणि मी विचारेपर्यंत सांगू नकोस. आजीला म्हणावं, शेंगाचटणी संपली.

तुझे
सर