थेटिस की टेथिस?

प्रश्न असा आहे: हिमालयाच्या जागी पूर्वी टेथिस समुद्र होता, हे आपण शाळेत शिकलो. ट्रॉयच्या युद्धातल्या अकिलीसची आईही समुद्रातलीच. तिचं नाव कुठे थेटिस तर कुठे टेथिस छापलेलं दिसतं. या दोघी एकच का? आणि तिला जलपरी म्हणावं का?

दोघी वेगळ्या. टेथिस ही थेटिसची आजी, आईची आई. टेथिस आणि ओशनस या ग्रीक पुराणांतल्या जुन्या जलदेवतांच्या असंख्य मुलींपैकी एक डोरिस. ती नीरिअस या कधीही खोटं न बोलणाऱ्या वृद्ध समुद्रदेवाला दिली. हेसिअड या कवीच्या हिशेबाने त्या दोघांना 50 मुली झाल्या, त्यांतली एक थेटिस. तिचा नवरा पेलिअस मात्र मर्त्य राजा. म्हणजे टेथिस ही अकिलीसची पणजी. एडुआर्ड स्यूस या भूशास्त्रज्ञाने 1893 मध्ये त्या लुप्त समुद्राला नाव दिलं ते या पणजीचं, ओशनसच्या बायकोचं.

घोळ झाला तो इंग्रजीतून नावं घेतल्यामुळे. प्राचीन ग्रीकांचं 'थीटा' हे अक्षर अगदी आपल्या 'थ'सारखं महाप्राण होतं आणि 'टाउ' आपल्या 'त'सारखं. एका नावात आधी थ मग त, दुसऱ्यात आधी त मग थ. देवनागरीत हा फरक चोख दाखवता येतो, मग तो का गमवायचा? माझं मत विचाराल तर अकिलीसच्या आईला थेतिस आणि तिच्या आजीला तेथिस लिहावं. 'टेथिस समुद्र' मात्र पाठ्यपुस्तकांत इतका रुळलाय की तो तसाच राहू द्यावा. लक्षात ठेवायला एक खूण सांगतो: जुन्या ग्रीकमध्ये आजीला 'तेथे' म्हणत. ज्या नावात 'तेथ' ऐकू येतं, ती आजी.

आता जलपरी. हा शब्द मला इथे अजिबात चालत नाही, कारण जलपरी म्हटलं की डोळ्यांसमोर माशाची शेपटी येते. इलियड या महाकाव्याचा कवी होमर थेतिसला वारंवार 'आर्गिरोपेझा' म्हणतो, म्हणजे रुपेरी पावलांची. शेपटी कसली, तिची पावलंच नावाजलेली आहेत! या शब्दाचे दोन्ही तुकडे आपल्या ओळखीचे आहेत. 'आर्गिरोस' म्हणजे चांदी; त्याचं मूळ आणि 'अर्जुन' (शुभ्र), 'रजत' यांचं मूळ एकच. 'पेझा' हे 'पद'चं भावंड.

'अप्सरा' खरं तर अर्थाने जवळचा शब्द. अप् म्हणजे पाणी, आणि प्राचीन व्युत्पत्तिकार यास्कानेही निरुक्तात तो पाण्याशीच जोडलाय. पण आज अप्सरा म्हणताच इंद्रसभा आठवते. मूळ ग्रीक संज्ञा 'नीरिइड' ही अपत्यवाचक आहे: जनकाची जानकी, तशी नीरिअसची नीरिइड. अकिलीसलाही बापावरून 'पेलिदेस' म्हणतात, दशरथाचा दाशरथी तसं. म्हणून एकटीबद्दल लिहिताना 'नीरिअसकन्या' आणि सगळ्यांना मिळून 'सागरकन्या' म्हणावं. (नीरिअस आणि आपलं 'नीर' यांची सांगड घालायचा मोह आवरावा. 'नीर'चं नातं द्राविडी भाषांशी जोडलं जातं.)

'अकिलीसची टाच' आपण सर्रास म्हणतो. थेतिसने बाळाला टाचेला धरून पाताळातल्या स्टिक्स नदीत बुडवलं आणि कोरडी राहिलेली टाचच तेवढी दुबळी राहिली, ही कथा होमरमध्ये नाही, ती पुष्कळ नंतरची. पण तिच्यातलं नातं पाहा: स्टिक्स ही नदीदेवता डोरिसची बहीण. म्हणजे आईने लेकराला आपल्या मावशीच्याच पाण्यात धरलं होतं.

होमरची थेतिस पाहायची असेल तर इलियडच्या पहिल्याच सर्गात जावं. अपमानित झालेला अकिलीस किनाऱ्यावर एकटा रडत आईला हाक मारतो. ती खोल पाण्यात वडिलांजवळ बसलेली असते. हाक ऐकताच करड्या समुद्रातून ती धुक्यासारखी वर येते, त्याच्यासमोर बसते, हाताने त्याला गोंजारते आणि विचारते, 'बाळा, का रडतोस?' तिथे धुक्यासाठी शब्द आहे 'ओमिख्ले'. ज्या धातूतून तो आला, त्याच धातूतून आपला 'मेघ' आलाय.