साइट उघडत नाही, यामागे सरकारचा आदेश आहे का?

तुमचा प्रश्न असा: नाशिकमध्ये घरच्या ब्रॉडबँडवर बातम्यांची एक साइट उघडत नाही, केबलवाला "अतिरेक्यांमुळे वरून बंद केलीय" म्हणतो. हे खरं का, आणि सरकार आपलं सगळं बघतं का?

आधी साइट खरंच चालू आहे ना, हे परदेशातल्या ओळखीच्या कुणाकडून बघून घ्या. मग मोबाइल डेटावर उघडा. तिथे उघडली तरी आदेश नाहीच असं समजू नका, कारण प्रत्येक इंटरनेट कंपनी बंद करायच्या साइटांची यादी आपल्या पद्धतीने लावते. पुढे ब्रॉडबँडवरच डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी सेवा) बदलून 1.1.1.1 टाका. आता उघडली, तर कंपनी पत्ता चुकीचा देत होती. तरीही 'कनेक्शन रीसेट' येत असेल, तर जोडणी सुरू होताना उघडपणे जाणारं साइटचं नाव वाचून ती तोडली जात असावी. 'ऊनी प्रोब' हे मोफत अ‍ॅप हीच तपासणी करतं. मात्र त्याचे निकाल जाहीर होतात, हे ध्यानात ठेवा.

कंपनीला फक्त नाव दिसतं, आतलं पान नाही. म्हणून एका पानासाठी अख्खी साइट जाते. डिसेंबर 2014 मध्ये आयसिसच्या प्रचाराचं कारण देऊन 32 साइट बंद केल्या, त्यात गिटहब (प्रोग्रामर कोड ठेवतात ती साइट) आणि विमिओ (व्हिडिओंची साइट) यासुद्धा होत्या. मागणी महाराष्ट्र एटीएसची होती. प्रोग्रामरची रोजची हत्यारं यात अडकली, हे मला आजही अक्षम्य वाटतं.

कायदा आयटी कायद्याच्या कलम 69अ चा. 26/11 नंतर महिन्याभरात संसदेने मंजूर केलेल्या दुरुस्तीतून तो आला, पण त्या कलमात 'दहशतवाद' हा शब्दच नाही. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशी ऐसपैस कारणं आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये हे कलम कायम ठेवलं, कारण आदेशाची कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि त्याला रिट याचिकेत आव्हान देता येतं. पण या कलमाखालच्या 2009 च्या नियमांतला नियम 16 सगळं गोपनीय ठेवतो. न दिसणाऱ्या आदेशाला आव्हान द्यायचं कसं? खरी गोम इथे आहे.

आता सरकार बघतं का याबद्दल: पाळत त्याच कायद्याच्या कलम 69 खाली. आदेश गृहसचिवांचा, 60 दिवसांचा, वाढवून जास्तीत जास्त 180. हे आदेश तपासणाऱ्या आढावा समितीत सगळे सचिवच, न्यायाधीश एकही नाही. व्हॉट्सअ‍ॅपचा मजकूर इंटरनेट कंपनीला वाचता येत नाही. कुणाशी, कधी जोडणी झाली याच्या नोंदी मात्र तिला डिसेंबर 2021 पासून किमान दोन वर्षं ठेवाव्या लागतात.

नेटच बंद झालं, तर तुमच्या हातात जास्त आहे. ऑक्टोबर 2016 मध्ये तळेगाव-अंजनेरीतल्या लहान मुलीवरच्या अत्याचाराच्या घटनेनंतर नाशिकमध्ये मोबाइल इंटरनेट बंद झालं होतं. नेटबंदीच्या 2024 च्या नियमांनुसार असा आदेश जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांना काढता येत नाही. तो गृहसचिवांनीच काढायचा, अगदीच निकड असेल तर सहसचिव दर्जाच्या अधिकृत अधिकाऱ्याने. मुदत कमाल 15 दिवस, आणि तो प्रसिद्ध करणं बंधनकारक. प्रसिद्ध झाला नसेल, तर मंत्रालयातल्या गृह विभागाकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाका: 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. "का बंद केलं?" असं विचारू नका, असा प्रश्न 'ही माहिती नव्हे' म्हणून परत येतो. आदेशाची प्रत आणि नेटबंदी तपासणाऱ्या आढावा समितीच्या निष्कर्षाची प्रत मागा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही, तर त्याच विभागात पहिलं अपील करा.