वाचकांचे प्रश्न : नॅनोट्यूबचा पापुद्रा का तडकतो?

प्रश्न : सुपरकपॅसिटरच्या (विद्युतभार साठवणाऱ्या घटकाच्या) प्रकल्पासाठी आम्ही मल्टीवॉल कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अनेक भिंतींच्या अतिसूक्ष्म नळ्या) एसडीएस या साबणासारख्या द्रव्याच्या पाण्यात प्रोब सोनिकेटरने (ध्वनिलहरी सोडणाऱ्या दांडीने) विखुरल्या आणि पीटीएफई (टेफ्लॉन) गाळणीवर व्हॅक्यूमने गाळून पापुद्रा केला. ओव्हनमध्ये तो तडकतो, कडा वळतात. त्यातून कापून इलेक्ट्रोड म्हणून वापरलेल्या दोन चकत्यांचे मिळून वजन ५ मिलिग्रॅम. १ मोलर सोडियम सल्फेटमध्ये ५ मिलिअँपिअरवर ०.८ व्होल्टवरून शून्यावर यायला ८ सेकंद लागतात, म्हणजे धारकता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) फक्त १० फॅरड प्रतिग्रॅम. चुकते कुठे?

उत्तर : आधी आकडा. ५ मिलिअँपिअर गुणिले ८ सेकंद भागिले ०.८ व्होल्ट, म्हणजे ०.०५ फॅरड, ५ मिलिग्रॅमने भागल्यावर १० फॅरड प्रतिग्रॅम, हिशेब बरोबर आहे, पण तो अख्ख्या सेलचा. दोन सारखे इलेक्ट्रोड एकसरीत असल्याने सेलची धारकता एकाच्या निम्मी भरते, आणि भागाकार मात्र दुप्पट वजनाने होतो. एका इलेक्ट्रोडसाठी चारने गुणा : ४०. मल्टीवॉल नळ्यांसाठी हे रास्तच आहे. शोधनिबंधातल्या आकड्याशी तुलना करण्याआधी तो सेलचा की इलेक्ट्रोडचा, हे जरूर पाहा. डिस्चार्ज सुरू होताच व्होल्टेज एकदम पडते तेवढे ०.८ मधून वजा करा. ती अंतर्गत रोधाची घट आहे.

तडे बहुधा सोनिकेशनचे. प्रोब जास्त वेळ चालला की नळ्या तुटतात. पापुद्र्याला बळ असते ते नळ्यांच्या गुंत्याचे, आणि आखूड नळ्या गुंततच नाहीत. २५ मिलिग्रॅम नळ्या, ५० मिलिलिटर पाणी आणि अर्धा ग्रॅम एसडीएस घेऊन, प्रोब थांबत-थांबत चालवून २० मिनिटांपासून सुरुवात करा. बीकर थेट बर्फात नको : साधारण १६ अंशांखाली एसडीएसचे स्फटिक पडू लागतात. २० अंशांचे पाणी पुरे.

पीटीएफई आधी इथेनॉलने भिजवा, नाहीतर पाणी उतरणारच नाही. मग फेस पूर्ण थांबेपर्यंत कोमट पाण्याने धुवा. अर्धा लिटर सहज लागते. उरलेला एसडीएस नळ्यांचे सांधे आणि पृष्ठभाग दोन्ही अडवतो. ओव्हनमध्ये वरची बाजू आधी आकसते, म्हणून कडा वळतात. गाळणकागदांच्या मध्ये, वर काच आणि वजन ठेवून रात्रभर वाळवा, मगच सोला.

धुतलेला पापुद्रा पाणी नीट शोषत नाही. चकत्या इथेनॉलमध्ये बुडवून मग सोडियम सल्फेटमध्ये दोनदा बदलून तासभर ठेवा. ही पायरी वगळली तर आतला पृष्ठभाग कोरडाच राहतो.

प्रश्न : व्होल्टेज वाढवता येईल का?

उत्तर : ०.१ व्होल्टच्या टप्प्यांनी वाढवा. १.२ व्होल्ट झेपले तर ऊर्जा सव्वादोनपट होते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाने वाढते. चार्जिंगचा वेळ डिस्चार्जपेक्षा स्पष्टपणे लांबू लागला की तिथेच थांबा. तो जादा विद्युतभार पाणी फोडण्यात जातो आहे.