२० मीटर बँडच्या डायपोलची कोॲक्स एका तारेखालून नेली तर पॅटर्न बिघडतो का?

बिघडतो, म्हणजे अँटेना कोणत्या दिशेला किती सिग्नल देते ते बदलतं. डायपोल म्हणजे दोन हातांची तारेची अँटेना आणि कोॲक्स म्हणजे रेडिओपासून तिच्यापर्यंत जाणारी केबल. कोॲक्स एका हाताखालून नेली आहे आणि तारेच्या टोकांच्या दिशेनेही सिग्नल तारेला काटकोनातल्या दिशेइतकाच येतो असं तुम्ही लिहिलंय, त्याचं कारण बहुधा हेच.

कोॲक्सच्या आतले दोन करंट एकमेकांना खोडतात. पण शील्डची (केबलच्या बाहेरच्या जाळीची) बाहेरची बाजू आरएफच्या (रेडिओ फ्रीक्वेन्सीच्या करंटच्या) लेखी वेगळीच तार आहे. फीडपॉइंटला, म्हणजे केबल अँटेनाला मिळते तिथे, ती डायपोलच्या एका हाताला जोडलेलीच असते, त्यामुळे करंट तिच्यावरही उतरतो. त्यात ती एका हाताखालून समांतर गेली की इंडक्शनची भर पडते. ही तिसरी तारही रेडिएट करते आणि टोकांकडचे नल (जिथे सिग्नल जवळजवळ शून्य असतो त्या दिशा) भरून जातात.

१४.१ मेगाहर्ट्झला डायपोल साधारण १०.१ मीटरचा. कोॲक्स मधोमध, तारांना काटकोनात, निदान ५ मीटर (पाव तरंगलांबी) सरळ खाली सोडा आणि मगच वळवा. काटकोनात दोन्ही हातांकडून येणारं इंडक्शन आपसांत खोडलं जातं.

फीडपॉइंटला चोक (शील्डबाहेरचा करंट अडवणारी गुंडाळी) लावाच. ३१ मिक्सचा (फेराइटचा एक प्रकार), २.४ इंची फेराइट टोरॉइड (कडं) घ्या आणि त्यावर आरजी-५८ या बारीक कोॲक्सचे १२ वेढे द्या. केबल भोकातून जितक्यांदा जाते तितके वेढे. लाल किंवा पिवळा पावडर आयर्नचा टोरॉइड इथे कुचकामी, त्याची पर्मिएबिलिटी (चुंबकीय प्रतिसाद) फारच कमी असते. हा चोक थेट उतरणारा करंट अडवतो, खाली इंडक्शनने येणारा नाही. केबल समांतर ठेवण्याला पर्यायच नसेल तर केबलवर ५ मीटर पुढे दुसरा चोक लावा.

लांबीचाही खेळ आहे. शील्ड खाली अर्थ केलेली असेल आणि फीडपॉइंटपासून तिथपर्यंत १० मीटरच्या आसपास किंवा त्याची पट भरत असेल, तर बाहेरच्या करंटला वाट सर्वांत सोपी. ही लांबी मोजताना ०.६६ ने गुणू नका; तो व्हेलॉसिटी फॅक्टर (लहरीचा वेग किती पट होतो तो आकडा) केबलच्या आतला, बाहेर वेग जवळपास मोकळ्या तारेइतकाच असतो.

तपासायला ५ वॉटवर केबल हाताने धरून थोडी सरकवा. एसडब्ल्यूआरचा (अँटेनाकडून परत येणाऱ्या सिग्नलचा अंदाज देणाऱ्या मीटरचा) काटा हलला तर शील्डवर करंट आहे.

फीडपॉइंट मधोमध न ठेवता टोकापासून तारेच्या एक तृतीयांशावर सरकवला तर २० मीटरवर पॅटर्न तोच राहतो, कारण तारेवरचा करंट तसाच वाटला जातो. बदलतो तो इंपीडन्स (करंटला होणारा एकूण अडथळा), आणि समतोल गेल्याने चोकची गरज वाढते. १० मीटर बँडवर मात्र चित्र पालटतं: मधोमध फीड केलेली तार स्वतःला काटकोनात दोन लोब (सिग्नलचे झोत) देते, एक तृतीयांशावरची चार.