छोट्या गाडीची डिकी आपटूनच लागते, चालताना उघडी असल्याचा दिवाही लागतो. लॉक बदलावं का?

लगेच नवं लॉक घेऊ नका. बहुतेक वेळा ते धूळ-चिखलानं जाम झालेलं असतं किंवा खालचा लोखंडी हूक, म्हणजे स्ट्रायकर, जरासा सरकलेला असतो.

डिकी उघडी ठेवूनच लॉकची जीभ स्क्रू ड्रायव्हरनं फिरवा. दोनदा 'टक' व्हायला हवं: पहिलं अर्धवट, दुसरं पूर्ण. मग हँडल ओढा, जीभ झटकन सुटली पाहिजे. (ती सुटल्याशिवाय डिकी लावू नका, लॉक हुकावर आपटून वाकेल.) सुस्त सुटत असेल तर गंजाचा स्प्रे मारून जुना काळा चिकटा पुसून काढा आणि पांढरं ग्रीस लावा. घरचं खोबरेल अजिबात नको. नाशिकच्या थंडीत ते गोठतं आणि लॉक पुन्हा अडकतं.

लॉक ठणठणीत निघालं तर हुकावर घासल्याची खूण कुठल्या बाजूला आहे ते बघा. त्याच्या कडेनं मार्करनं रेघ मारा, बोल्ट सैल करून एक-दोन मिलिमीटर सरकवा, परत आवळा.

तोवर डिकी अर्धवट उघडी ठेवून कसारा घाटात वगैरे जाऊ नका. सायलेन्सरचा धूर आत ओढला जातो आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.