खराब रस्त्यावर मनगटं आणि मान दुखते, शॉकअपवाली सायकल घ्यावी का?

इतक्यात घेऊ नका. तुमची सायकल हायब्रिड, टायर ७०० × ३५, म्हणजे ३५ मिलिमीटर रुंद, आणि तुमचं वजन सत्तर किलोच्या आसपास. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या बाजूला जाता, आणि परतीला उखडलेल्या डांबरावर मनगटं ठणकतात, मान आखडते, करंगळीला नि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येतात. तुम्ही दिलेल्या या वर्णनावरून मला वाटतं, तुमच्या अंगाचा नको तितका भार हातांवर येतोय. तो सीटवर आणि पायांवर गेला की हाच रस्ता पुष्कळ सोसवेल. हातांवर किती भार यायचा हे आधी सीट ठरवते, हँडल त्यानंतर. मी साताऱ्याचाच, ओळखीपाळखीच्या बऱ्याच जणांच्या सायकली बसवून दिल्यात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शॉकअपचं आधी सांगतो. कमी किमतीच्या सायकलींना स्प्रिंगचा शॉकअप येतो, तो दोन-अडीच किलोंचा असतो. घाटात उभं राहून पॅडल मारलं की तो दबत-उसळत राहतो आणि तुमची ताकद खातो. मोठा खड्डा तो झेलतो, हे खरं. पण हाताला मुंग्या आणते ती उखडलेल्या खडीची बारीक, न थांबणारी थरथर, आणि ती जिरवायचं काम टायरमधली हवा त्याच्यापेक्षा चांगलं करते. सायकलला हवेचा टायर आला तोच मुळी यासाठी. बेलफास्टच्या खडबडीत रस्त्यावर पोराची तीनचाकी सुरळीत चालावी म्हणून जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरानं तो बनवला आणि १८८८ मध्ये पेटंट घेतलं.

म्हणून पहिलं काम हवेचं. दुकानात कॉम्प्रेसर लावून, अंगठ्यानं दाबून, टायर दगडासारखा होईपर्यंत हवा भरतात. टायरच्या कडेवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी भरलीच पाहिजे असं नाही. तुमच्या वजनाला आणि ३५ च्या टायरला मागं ५० आणि पुढं ४५ पीएसआयच्या (हवेचा दाब मोजायचं एकक) आसपास सुरुवात करा. मागच्या चाकावर भार जास्त, म्हणून मागं थोडी जास्त. मग दोन-तीन पीएसआयनं उतरवत बघा. पंक्चर झालं आणि ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं दिसली, तर हवा फार कमी झाली असं समजा, कारण खड्ड्यात रिमनं ट्यूब चावलेली असते. दाब दाखवणारा काटा असलेला पायपंप घरी ठेवा, अंदाजावर हे काम होत नाही.

आता सीट. इथं घाई करू नका.

उंचीसाठी भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहा, पायांच्या मध्ये जाड पुस्तक सीटसारखं घट्ट वर दाबा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. या मापाला ०.८८३ नं गुणा. ८० सेंटीमीटर आलं तर उत्तर ७०.६. क्रँक (पॅडल ज्याला बसतं तो दांडा) ज्या अक्षाभोवती फिरतो त्याच्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठापर्यंत, सीटपोस्टच्या (सीट ज्यावर बसते त्या नळीच्या) रेषेत, साधारण एवढं अंतर ठेवा. ताडून बघायचं तर पॅडल तळाला असताना त्यावर टाच ठेवा, पाय सरळ व्हायला हवा. मग चवड्यानं पॅडल मारताना गुडघ्यात थोडा बाक उरतो. सीट जास्त उंच असली तर कंबर डावी-उजवी डोलते, कातडं सोलतं, पाठ भरून येते. फार खाली असली तर गुडघा पुढून दुखतो. खराब रस्त्यासाठी मी काढलेल्या मापापेक्षा चार-पाच मिलिमीटर खालीच ठेवतो, म्हणजे सीटवरून बूड उचलायला जागा मिळते. सीटपोस्टवर कमीत कमी किती आत राहायला हवं याची रेघ असते, ती बाहेर दिसू देऊ नका.

उंचीनंतर पुढं-मागं. हातांचं दुखणं बहुतेक वेळा इथंच सापडतं. खाली वाकून काही उचलताना आपण आपोआप बूड मागं नेतो, म्हणून तोंडावर पडत नाही. सायकलवर सीट फार पुढं असली तर मागं जायला जागाच उरत नाही आणि पडणारं अंग हात धरून ठेवतात. क्रँक आडवा ठेवा, पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या वाटीखालून गवंड्याचा ओळंबा सोडा. तो पॅडलच्या अक्षावर किंवा त्याच्या जरा मागं यावा. हा नियम काटेकोर नाही, सुरुवात करायला चांगला आहे. खरी परीक्षा रिकाम्या, गुळगुळीत मैदानावर होते. नेहमीच्या जोरानं पॅडल मारत असताना तळवे हँडलपासून बोटभर उचला. अंग पुढं कोसळत असेल तर सीट पाच मिलिमीटर मागं घ्या आणि पुन्हा बघा. मागं घेतली की पॅडलपासूनचं अंतर किंचित वाढतं, त्यामुळं सेंटीमीटरभर मागं नेल्यास तीनेक मिलिमीटर खाली आणा. सीटची पातळी पाणसळ ठेवून तपासा. नाक खाली झुकलेली सीट आधी सुखाची वाटते, मग अख्खी वाट माणूस पुढं घसरत राहतो आणि मनगटं त्याला थोपवत राहतात. एका वेळी एकच बदल करा आणि आधीच्या जागी चिकटपट्टीची खूण ठेवा.

एवढं झाल्यावरच हँडलला हात लावा. 'हँडल वर घे' हा सल्ला सगळेच देतात, पण फार वर घेतलं तर माणूस ताठ बसतो आणि खड्ड्याचा दणका सीटमधून सरळ मणक्यात जातो. कमरेतून थोडं पुढं वाकलेलं अंग दणका जास्त चांगला सोसतं. हात लांब ताणावे लागत असतील तर दहा-वीस मिलिमीटरनं आखूड स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) बसवा. स्टेमवर स्पेसर, म्हणजे गोल चकत्या, असतील तर त्यातला एखादा स्टेमच्या खाली घातला की हँडल तेवढं वर येतं. ब्रेकचे लिव्हर असे फिरवा की बोटं ठेवल्यावर हाताची नि मनगटाची एकच रेघ होईल. या कामाला दहा मिनिटं लागतात आणि फरक मोठा पडतो. करंगळीच्या मुंग्या अल्नर नर्व्ह दबल्यानं येतात. तळव्याच्या मुळाशी, करंगळीच्या बाजूनं ती नस जाते, म्हणून भार तिथं नको. कडेला रुंद होणारी ग्रिप उपयोगी पडते.

चालवताना खराब पट्टा दिसला की पॅडल आडवी करा, भार पायांवर घ्या, बूड सीटपासून जरासं सोडा. कोपरं वाकलेली, मुठी सैल, एक बोट ब्रेकवर, नजर पंधरा-वीस मीटर पुढं. चाकाखालचा खड्डा बघत बसाल तर मान आखडणारच. सपाटीवर असा पट्टा आला तर एक गिअर जड ठेवा. जोर पॅडलवर राहिला की सीटवरचा भार आपोआप कमी होतो. फ्रान्समधल्या, १८९६ पासूनच्या पॅरिस-रुबे सायकल शर्यतीत पन्नासेक किलोमीटर दगडी फरसबंदी असते, आणि शॉकअप नसलेल्या सायकली घेऊन उतरणारे तिथले सायकलपटू हेच करतात. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या असतात त्या रस्त्यांवर मात्र साइडपट्टीवर उतरायची वेळ येते. तिथं आधी वेग कमी करा, मग उतरा. डांबराची तुटलेली कड तिरपी घेतली तर चाक घसरतं.

मुंग्या उतरल्यावरही तासन्तास राहत असतील किंवा पकड ढिली वाटत असेल, तर डॉक्टरांना दाखवा आणि तोवर सायकल बंद ठेवा. आणि सीट तिच्याखालच्या रेल्सवर (दोन दांड्यांवर) पूर्ण मागं नेऊनही ओळंबा पॅडलच्या पुढंच पडत असेल, किंवा स्टेम आखूड करूनही हात ताणलेलेच राहत असतील, तर फ्रेमचा साइज तुम्हाला चुकीचा आहे. तेव्हा सायकल बदलणं योग्य, आणि बदलताना शॉकअप आहे की नाही यापेक्षा तुमच्या मापाची फ्रेम नि चाळीसचा टायर बसेल एवढी जागा आहे का, ते आधी बघा.